सुधाकरनं हात वर केला नव्हता

बावीस वर्षं झाली, हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवळात एकटा उभा असताना देवालाही नाही. गेल्या पंधरा दिवसांत तीनदा तोंड उघडलं — तिन्ही वेळा काय झालं ते पुढं येईलच — पण पहिल्यापासून, नीट, काही न गाळता सांगायची ही पहिलीच वेळ. लिहूनच काढतोय; वाचशील ना? नको वाटलं तर मधूनच कागद बाजूला ठेव, मी अडवणार नाही. पण मी थांबणारही नाही. सुरू केलं ते आता पुरं करणार.

मी कोण, ते आधी. वाशीम जिल्ह्यातला माणूस, धनजच्या अंगाला आमचं गाव. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेलो, सतरा वर्षं काढली, हवालदार होऊन बाहेर पडलो. मग गावचा सरपंच, मग लागोपाठ दोन वेळा आमदार. जिल्ह्यात मला नावानं कोणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे ‘फौजी’च म्हणतात. पोस्टरवर माझा फोटो जाकिटातला असतो, पण मागं बर्फाचे डोंगर अन् बंदूक पुसट का होईना असतेच. कार्यकर्ते लावतात. मी कधी काढायला सांगितलं नाही.

तर हा फौजी — ‘फौजी मागं हटत नाही’ अशी ज्याच्या नावाची घोषणा आहे — एकदा मागं हटला होता. एकदाच. पण असा हटला की त्याच्या जागी दुसरा माणूस पुढं गेला अन् परत आला नाही.

म्हणशील, झालं की सांगून. नाही झालं. एवढंच असतं तर मी त्याला भित्रेपणा म्हटलं असतं, अन् भीती काय, कोणालाही वाटते. माझं पाप भीतीचं कमी आहे. भीती सरल्यावर जे बोललो त्याचं जास्त आहे.

सुधाकर. कामरगावच्या पुढं त्याचं गाव — नाव घेत नाही, माझ्यामुळं त्या गावाला आधीच नको तेवढे पाहुणे येऊन गेलेत. आमच्या पलटणीत साऱ्या देशातली माणसं. त्यात आपल्या मुलखातला कोणी भेटला की फौजेत त्याला ‘गिराई’ म्हणतात. गिराई म्हणजे भावापेक्षा कांकणभर जास्तच. मी नायक होतो, तो शिपाई, वयानं तीनेक वर्षं लहान. बोलायला लागला की थांबायचा नाही लेकाचा. जिथं चार पावलं टाकली की दम लागतो, तिथं बसून तो मला तुरीच्या सोल्यांची भाजी कशी करायची हे तासभर समजावून सांगायचा. डब्यातलं मटण स्टोव्हवर गरम करता करता म्हणायचा, याच्यापेक्षा आपल्या घरच्या ज्वारीच्या कण्या बऱ्या. मला तो आवडायचा. हे मुद्दाम सांगतो. वैर असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

आता फौजेतली एक रीत सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उंचावरच्या पोस्टवर ज्याची छुट्टी मंजूर होते, त्याला शेवटच्या आठ दिवसांत गस्तीवर धाडत नाहीत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कोणा साहेबाचा तसा हुकूमही नाही. पण जवान पाळतात. त्या माणसानं घरी कळवलेलं असतं, तिकडं आई दाराकडं डोळे लावून बसलेली असते — त्याची पाळी दुसऱ्यानं उचलायची. कोणी कुरकुर करत नाही, कारण उद्या आपलीही छुट्टी येणार असते. छुट्टीवाला भांडी घासतो, प्यायला बर्फ वितळवतो, सगळ्यांची घरची पत्रं गोळा करतो, पण तारेच्या बाहेर पाय टाकत नाही.

माझा छुट्टीचा अर्ज खाली गेला होता. अन् पोस्टवर वायरलेसच्या सेटवर बसायचं काम माझं. एका दुपारी निरोप आला — अर्ज नामंजूर. माणसं कमी आहेत, महिनाभर नाव काढू नका. ऐकलं कोणी? मी एकट्यानं. वहीत लिहून घेतलं नाही. राग आला होता, नंतर लिहू म्हटलं. तेवढ्यात दुसरा निरोप आला — उद्या सकाळी उताराच्या बाजूनं गस्त जाईल, पाच माणसं. तो लिहून घेतला.

उताराची बाजू! तीन दिवस बर्फ पडत होतं. परवाच पलीकडचा बर्फाचा एक कडा आमच्या डोळ्यांदेखत कोसळला होता, अन् तो आवाज माझ्या पोटातून अजून गेला नव्हता. खरं सांगू? मी भ्यालो. नऊ वर्षांच्या नोकरीत तसा कधी भ्यालो नव्हतो. नंतरही नाही.

संध्याकाळी गिनती झाली, म्हणजे हजेरी. सगळे ओळीत उभे, हवालदार नावं घेतो अन् दुसऱ्या दिवसाची कामं वाटतो. पाचात माझं नाव आलं. अन् मी — आवाज अगदी साधा होता माझा, कापलासुद्धा नाही — मी म्हणालो की उस्ताद, माझी छुट्टी आली, दुपारीच निरोप आला. हवालदार हसला. मुबारक म्हणाला, पाठीवर थाप मारली. रीत म्हणजे रीत! त्यानं ओळीवरून नजर फिरवली अन् माझ्या जागी सुधाकरचं नाव घेतलं.

त्यानं नाव घेतलं, बरं का. कोण तयार आहे, असं कोणी कोणाला विचारलं नाही. कोणी हात वर केला नाही.

सकाळी पाच गेले. चार परत आले. सुधाकर दुपारून सापडला, कमरेइतक्या बर्फाखाली. मी त्या वेळी भांडी घासत होतो.

माझ्या छुट्टीचं पुढं काय झालं, हे कोणी विचारलंच नाही. कारण गेलेल्या जवानाच्या शवपेटीसोबत त्याच्या मुलखातला एक माणूस घरापर्यंत जातो, अन् मुलखातला मीच होतो. नामंजूर झालेली छुट्टी मला अशी मिळाली. हवालदाराला वाटलं असेल, याची तर आधीच मंजूर होती. शंका आली असेल तर तो ती मनात ठेवूनच रिटायर होऊन घरी गेला. मला कधी बोलला नाही.

नागपूरहून पेटी गाडीनं आणली. कामरगावपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी, घोषणा, फुलं. गावात शिरलो तर एवढी गर्दी असून वाट आपोआप मोकळी झाली अन् समोर सुधाकरचे वडील, नामदेवकाका. रडत नव्हते. माझ्यापाशी आले, दोन्ही हातांनी माझा दंड धरला अन् सगळ्यांच्या देखत विचारलं, “बापू, माह्या पोरानं पाठ त नाई दाखवली ना?”

‘नाही काका’ एवढं बोललो असतो तरी पुष्कळ होतं. ते खरंही होतं. पण मी म्हणालो, “काका, सर्व्यायच्या आधी त्यानं हात वर केला. म्हने, मी जातो.”

म्हातारा ताठ झाला. अक्षरशः, पाठीचा कणा सरळ झाला त्याचा. माझं बोलणं मागच्यांनी पुढच्यांना सांगितलं, अन् ‘अमर रहे’चा जो आवाज उठला, तो थांबेना.

काहून बोललो असं? लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला धीर द्यायला. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं — वाटून घ्यायचो. पण विचार कर ना. जो आपणहून गेला, त्याला कोणी पाठवलं नाही. हात वर करणारा सुधाकर असला की त्याच्या जागी कोण जाणार होतं, हा प्रश्नच उरत नाही. मी म्हाताऱ्याला धीर देत नव्हतो. मी माझं नाव पुसत होतो, अन् तेही त्याच्याच मुलाच्या गौरवानं.

हे बोलणं आणखी एका माणसानं ऐकलं. घराच्या दारात सुशीला उभी होती. सुधाकरची बायको. वीस-एकवीस वर्षांची, खांद्यावर अडीच महिन्यांची पोर. पोरीला बापानं पाहिलेलं नव्हतं. सुशीलानं माझ्याकडं पाहिलं. रडणं नव्हतं त्या नजरेत, राग होता. मला वाटलं, हिला कळलं! पण राग माझ्यावर नव्हताच. तो कोणावर होता, हे वर्षभरानं कळलं.

वर्षश्राद्धाला छुट्टी काढून गेलो. पंगती उठल्या, बाया भांड्यांना लागल्या. सुशीला बाहेर आली अन् खांबाला टेकून उभी राहिली. म्हणाली, “भाऊजी, एक इचारू? त्या दिवशी त्यायचा फोन याचा होता. मांगच्या फोनवर ठरलं होतं. पोरीचा आवाज आयकाचा म्हने. मी पोरीले घेऊन कामरगावच्या फोनच्या दुकानात सकायपासून दिवस बुडेलोक बसली. मंग त्याच दिवशी त्यायनं हात काहून वर केला?”

वरच्या पोस्टवर तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा, पाळीनं फोन मिळायचा. दोन-तीन मिनिटं. त्या दिवशी सुधाकरची पाळी होती, हे मला माहीत होतं. आता — आता सांगायचं होतं ना? समोर बाई विचारते आहे, आजूबाजूला कोणी नाही. मी काय बोललो सांगू? “वहिनी, फौजी मानूस असाच असते.”

ती म्हणाली, “असन बापा.” अन् आत गेली.

त्या दिवसापासून ती नवऱ्याचं नाव घेईनाशी झाली. फोटो सासऱ्याच्या खोलीत गेला. गावाच्या शिवेवर स्मारक बांधलं, चौथरा, त्यावर काळा दगड, दगडावर नाव. उद्घाटनाला सगळा तालुका लोटला, पण सुशीला आली नाही. दरवर्षी झेंडावंदनाला मिरवणूक तिथं जाते, ती कधी गेली नाही. बाया म्हणायच्या, मोठी घमेंडी आहे, मेलेल्या नवऱ्याचं सोयरसुतक नाही. मी ऐकायचो. त्या बाईचा नवरा तिला अन् पोरीला सोडून हात वर करून निघून गेला होता — तिच्या लेखी. अन् हे तिच्या डोक्यात घालणारा मी, तिच्याच ओसरीवर बसून चहा प्यायचो.

फौजेतून सुटून आलो तर गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. त्या दिवशी पहिल्यांदा माईक हातात आला. बोलता येत नव्हतं, तर सुधाकरची गोष्ट सांगितली. लोक रडले. तिथून पुढं, दोस्ता, माझं सगळं राजकारण त्या एका गोष्टीवर उभं राहिलं. सरपंचकीला ती, आमदारकीला ती. गोष्टही वाढत गेली. पहिल्यांदा त्यानं नुसता हात वर केला होता, मग तो म्हणाला, ‘भाऊ, तू थांब, तुझ्या घरी म्हातारी आई आहे.’ म्हणजे माझ्यासाठी गेला! खरं तेच की. फक्त उलटं. दर निवडणुकीत प्रचाराचा पहिला नारळ त्याच्या स्मारकावर फोडायचा, नामदेवकाकांना शेजारी उभं करायचं, त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घ्यायचा, फोटो निघेपर्यंत.

कामं केली नाहीत असं नाही. बंधारे केले, मुलींचं वसतिगृह केलं, सभागृहात जिल्ह्यासाठी घसा फोडून बोललो. त्याचा इथं काय संबंध? काही नाही. पण एक सांगतो, त्याचा संबंध आहे. एका गावी नाल्याला पूर आला तेव्हा तिथला ग्रामसेवक घाबरून पळाला. चार दिवसांनी मी त्याला भर सभेत उभं केलं. म्हटलं, बांगड्या भर, भागुबाई! अरे, आम्ही मरणाच्या दारात उभे राहिलो, तुला गुडघाभर पाणी सोसलं नाही? सभा हसली. त्या माणसानं मान खाली घातली ती वर केली नाही. बदली करून घेतली त्यानं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला कधी खवखवलं नाही. उलट चढला होतो मी.

या सगळ्या वर्षांत मनाला एक सबब बांधून ठेवली होती — म्हातारा आहे तोवर नको. पोराच्या अभिमानावर जगतोय, ते काढून घेतलं तर काय उरेल त्याला? शाळेत जाऊन मुलांना सांगतो, माझ्या सुधाकरनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. दोन वर्षांआधी नामदेवकाका गेले. त्यांच्यासोबत सबबही गेली. तेराव्याला मी तिथं होतो. वाटलं, आता सांगायचं. नाही सांगितलं. आठ दिवसांनी नाही, वर्षानं नाही. तेव्हा मला नीट कळलं की म्हातारा कधी आडवा आलाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, अन् मला ती उघडायची नव्हती, एवढंच.

मग या वर्षी सुधाकरच्या पोरीचं लग्न ठरलं. पल्लवी. बावीस वर्षांची झाली, अमरावतीला शिकली, हसली की थेट बाप. एक दिवस सुशीला माझ्या घरी आली, पत्रिकेचा मजकूर घेऊन. माझी बायको विमल अन् मी, दोघं बसलो होतो. मजकूर वाचला. आजोबांचं नाव होतं, आईचं होतं, निमंत्रक म्हणून माझं होतं. बापाचं नव्हतं.

विमलनं विचारलं, अहो वहिनी, सुधाकरभाऊचं राहिलं वाटतं. सुशीला म्हणाली, “राह्यलं नाई. नाई टाकलं. जो आपल्या मनानं सोडून गेला त्याचं कायले? अन् भाऊजी, कन्यादान तुमीच करा. तुमी अन् विमलबाई पाटावर बसा. पोरीले तुमच्याशिवाय बाप कोन हाये?”

विमलच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला मुलगी नाही. अन् मी — ऐक — मी हो म्हणालो. अजूनही! बसल्या जागी, सहज. गस्तीत माझ्या जागी तो गेला, आता मंडपातली त्याची जागाही मीच घेणार होतो, अन् तोंडातून हो निघून गेलं.

आठ दिवस गेले. विमलनं पाटावर बसायला नेसायचं लुगडं काढून ठेवलं. ते पलंगावर पडलेलं दिसलं की मी खोलीबाहेर निघून जायचो. नवव्या दिवशी सकाळी ड्रायव्हर नाही, पीए नाही, एकटा गाडी घेऊन निघालो. वाटेत ठरवलं, आता माघार नाही. माघार घ्यावीशी वाटली तर गाडी उभी करून पायी जायचं, पण जायचं.

सुशीला ओट्यावर लग्नाच्या अक्षता रंगवत होती. परातीत तांदूळ, हात कुंकवानं लाल. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. अर्ज नामंजूर, गिनती, हवालदार, सुधाकरचं नाव — सगळं. वहिनी, सुधाकरनं हात वर केला नव्हता, म्हटलं. मी खोटं बोललो म्हणून त्याला जावं लागलं.

तिनं विचारलं, “त्याले जायाचं होतं?”

इथं थांबतो. कारण तुलाही वर सांगताना मी एक गोष्ट गाळली. काही न गाळता म्हणालो होतो, तरी गाळली. गिनतीत नाव आल्यावर सुधाकर गप्प बसला नव्हता. हवालदाराशी भांडला. उद्या माझा फोन आहे, पोरीचा आवाज ऐकायचा आहे, दुसऱ्या कोणालाही पाठवा म्हणाला. परवा कर, म्हणून हवालदारानं उडवून लावलं. मग गिनती सुटल्यावर तो माझ्याकडं आला, अगदी जवळ, अन् हळूच म्हणाला, “भाऊ, तुई छुट्टी खरंच आली काय? नसन आली त सांग न गड्या.”

त्यानं मला विचारलं होतं. सरळ. तोंडावर. अन् मी म्हणालो, “आली न बे. खोटं कायले सांगीन?”

तो हसला. म्हणाला, “मंग मजा हाये तुई. घरी गेला त माह्या पोरीले पाहून येजो.”

हे मी सुशीलाला सांगितलं. शब्द न् शब्द. पोरीला मी पाहिलं, वहिनी, तो सांगून गेल्याप्रमाणं, त्याची पेटी घेऊन आलो तेव्हा — हेही सांगितलं.

परातीतले तिचे हात तसेच राहिले. मग म्हणाली, “पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितलं. “पुन्हा.” तिसऱ्यांदा सांगताना फोनचं आलं, तेव्हा तिचा बांध फुटला. ओरडलीच ती. “बावीस वर्षं! बावीस वर्षं त्या मानसाशी मी मनातल्या मनात भांडली. शिव्या देल्ल्या त्याले. अन् तो फोनसाठी भांडून राह्यला होता!” हातातला लाल तांदूळ तिनं माझ्या अंगावर फेकला. सदऱ्यावर डाग पडले. पडू दे.

शांत झाल्यावर म्हणाली, “कन्यादान माहा भाऊ करीन. तुमी मांडवात पाय ठेवू नका. अन् हे मले एकटीले सांगून मोकये होऊ नका. खोटं सर्व्या गावापुढं सांगतलं होतं ना? मंग खरं बी सर्व्या गावापुढं सांगा. थ्याच जागी.”

घरी येऊन विमलला सांगितलं. तिनं लुगडं घडी करून कपाटात ठेवलं अन् चार दिवस माहेरी, इंझोरीला गेली. परत आली. अजून नीट बोलत नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळी, स्मारकापाशी गाव जमवलं. लोकांना वाटलं निवडणूक जवळ आली, नारळ फोडायचा असेल. माईक घेतला नाही. चौथऱ्याच्या खालीच उभा राहिलो अन् बोललो. जेवढं तुला सांगितलं तेवढंच, इकडचं तिकडं नाही.

कोणी दगड मारील, थुंकेल, याची तयारी होती. पण झालं काय? माझ्याच एका कार्यकर्त्यानं टाळी वाजवली. “असं कबूल कराले छाती लागते! फौजी साहेब, तुम आगे बढो!” अन् लोकांनी — काय सांगू तुला — लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरलेले. पक्षाच्या एका मोठ्या माणसाचा दुपारी फोन आला, की बेस झालं, सहानुभूती मिळेल, तिकीट पक्कं समजा.

पण तो फोन नंतरचा; टाळ्या ऐकून माझं डोकं तिथंच फिरलं. ओरडलो, “टाळ्या बंद करा! माणूस मारला मी, लग्न नाही लावलं!” तेव्हा कुठं हात थांबले. तिकिटाच्या माणसाला दुपारी नकार दिला, अर्ज भरणार नाही म्हटलं. यात त्याग नाही काही. त्या गोष्टीवाचून मत कसं मागायचं हे मला येतच नाही, अन् ती गोष्ट आता माझ्याकडं नाही. लोक अजूनही मोठं मन वगैरे म्हणतात. म्हणूनच हे लिहून ठेवतोय. कागदावर कोणी टाळी वाजवत नाही.

टाळ्या थांबल्यावर गर्दी मागून हलली. सुशीला पुढं येत होती. पल्लवी सोबत होती, हाताला मेंदी. आल्या, माझ्या शेजारून चौथऱ्यावर चढल्या. पल्लवीनं जाता जाता माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही. सुशीलानं पाहिलंही नाही.

बावीस वर्षांत ती पहिल्यांदा तिथं उभी राहिली होती. दगडावरच्या नावावरून पदर फिरवला. धूळ पुसली. मग अगदी घरात बोलावं तशी, लोक असल्या-नसल्याचं काही भान नसल्यासारखी बोलली, “आयकलं काय? परवा पोरीचं लगन हाये. तुमचं नाव टाकून पत्रिका पुन्हा छापून घेतली.” पल्लवीला पुढं ओढलं, तिचा हात दगडावर ठेवला. “बोल व माय. तुह्या बापाले तुहा आवाज आयकाचा होता.”

पोर बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.